मारहाण हा तंटा नव्हे

सासरी मार खाऊन माहेरी आलेल्या लेकीला चार-आठ दिवस ठेवून घ्यावयाचे, गावातील जाणत्या मंडळींनी दोन्ही घरांची समजूत घालावयाची आणि कागदावर सह्या घेऊन तिची परत पाठवणी करावयाची, ही रीत महाराष्ट्रातील गावांना अपरिचित नाही. या समेटामागील हेतू पुष्कळदा चांगलाच असतो. तथापि, त्यानंतर त्या स्त्रीचा मार थांबला किंवा नाही, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही.

राज्यात २००७ मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि आपसातील वाद गावातच सामोपचाराने मिटविण्याच्या परंपरेला बळ मिळाले. शेताच्या बांधाचा तंटा असा मिटू शकतो, कारण त्यात दोन्ही पक्षांना थोडे थोडे सोडता येते. मारहाणीत मात्र एक मारणारा असतो व दुसरी मार खाणारी. तिच्यापाशी सोडण्यासारखा राहतो तो केवळ दाद मागण्याचा हक्क. म्हणूनच घरातील हिंसेकडे तंटा म्हणून पाहणे ही पहिली चूक होय.

मौनाचे प्रमाण

२०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, देशातील १८ ते ४९ वयोगटातील विवाह झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेली आहे. अशा हिंसेस बळी पडलेल्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्या मात्र केवळ १४ टक्के आढळल्या. म्हणजेच जी स्त्री बोलते, ती फार मोठा अडसर ओलांडून आलेली असते. तिचे म्हणणे प्रथम ऐकणाऱ्या व्यक्तीने ‘तुझेच काही चुकले असेल’ असे म्हटले, तर ती पुन्हा बोलेलच, याची शाश्वती नसते.

कायद्याचे स्वरूप

पती व सासरच्या मंडळींकडून होणारा छळ १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ समाविष्ट करून गुन्हा ठरविण्यात आला. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये आहे. परंतु अपराध्याला शिक्षा झाली, तरी त्या स्त्रीने राहावे कोठे आणि मुलांना खाऊ काय घालावे, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ या कायद्याने दिले. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला.

शारीरिक व लैंगिक हिंसेबरोबरच शिवीगाळ, मानसिक छळ आणि खर्चाला पैसे न देणे वा स्त्रीधन हिरावून घेणे, हेही या कायद्याने हिंसा मानले आहे. पत्नीच नव्हे, तर आई, बहीण, मुलगी व विधवा भावजय यांनाही त्याचा आधार घेता येतो. न्यायदंडाधिकारी संरक्षणाचा, निवासाचा, निर्वाहखर्चाचा, मुलांच्या तात्पुरत्या ताब्याचा व नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकतात. घर तिच्या नावावर नसले, तरी त्या सामाईक घरात राहण्याचा तिचा हक्क अबाधित असतो. संरक्षणाचा आदेश मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, वीस हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

खबर कोणी द्यावी?

हिंसा झाली आहे, होत आहे किंवा होण्याचा संभव आहे, असे मानण्यास कारण असलेली कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्यास खबर देऊ शकते. सद्भावनेने दिलेल्या खबरीबद्दल तिच्यावर कोणतेही दायित्व येत नाही. शिक्षक, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका व सरपंच यांनी ही तरतूद विशेष लक्षात ठेवावयास हवी. वर्गात एकाएकी अबोल झालेले मूल हे पुष्कळदा घरातील मारहाणीचे साक्षीदार असते.

खबर मिळाल्यावर संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करून न्यायालयाकडे पाठवितात. उपचारासाठी मात्र अशा अहवालाची वाट पाहावी लागत नाही. त्याच्या अभावी रुग्णालयास उपचार नाकारता येत नाहीत. उत्पन्न कितीही असले, तरी स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. तातडीच्या प्रसंगी ११२ आणि सल्ल्यासाठी १८१ हे दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहेत.

पंचायतीचे कर्तव्य

यासाठी पंचायतीला मोठा निधी लागत नाही. संरक्षण अधिकारी, जवळचे ‘सखी’ केंद्र व निवारागृह यांची माहिती पंचायत कार्यालयात, शाळेत व आरोग्य उपकेंद्रात ठळकपणे लावता येईल. नियमित ग्रामसभेपूर्वी भरणाऱ्या महिलांच्या सभेत या हक्कांचे वाचन करता येईल. पीडित स्त्री आल्यास तिच्याशी एकांतात बोलावे, तिची गोष्ट चारचौघांत नेऊ नये आणि तिच्या इच्छेवाचून समेटाची बैठक बोलावू नये.

परत जावे की न जावे, हा निर्णय त्या स्त्रीचाच होय. ती परतली, तर आठ दिवसांनी तिची विचारपूस करणारे कोणीतरी गावात असावे. आणि ती परतली नाही, तर तिच्यामागे उभे राहणारेही असावे. गाव तंटामुक्त झाले किंवा नाही, याची खरी कसोटी चावडीवर नव्हे, तर बंद दाराआड लागत असते.