खारेपाटांतील हवेचा काँप्रेसर

पॉवर टिलर व ट्रॉलीच्या चाकांत हवा भरण्यासाठीं स्वस्तांतला लहान काँप्रेसर घरीं ठेवला म्हणजे हमरस्त्यावरील दुकानापर्यंतची खेप वांचते. परंतु वडखळकडील खारेपाटांत हें यंत्र जितक्या लवकर गंजतें, तितकें घाटावरील कोरड्या हवेंत गंजत नाहीं.

धरमतरच्या खाडीवरचा वारा दमट व खारट. टांकींत ८ किलो दाबापर्यंत हवा कोंडली, तर बाहेरची सुमारें नऊ टांक्या हवा एकीच्या जागेंत बसते. जागा मात्र एकाच टांकीपुरतें बाष्प धरूं शकते; म्हणून टांकी निवतांच जास्तीच्या बाष्पाचें पाणी होऊन तळाशीं सांचतें व पत्रा आंतून खातें. बाहेरचा रंग चकचकीतच राहतो. पिकाची आणेवारी नजरेनें ठरवितां येते. अशा पत्र्याची येत नाहीं.

काम संपतांच वीज बंद करावी, बरीचशी हवा सोडावी व थोडा दाब शिल्लक असतां तळचा नळ हळूच उघडून पाणी काढावें. तें तांबूस आल्यास गंज धरला असें समजावें. छिद्र पडल्यास एम-सील किंवा वेल्डिंग सुचविणारे पुष्कळ भेटतील; त्यांचें ऐकूं नये. छिद्राभोंवतींचा पत्राही विरलेला असतो, आणि तीस सेंटिमीटर व्यासाच्या झांकणावर ८ किलो दाबानें साडेपांच टनांहून अधिक जोर पडतो. टांकीच बदलावी. सुरक्षा व्हॉल्व्हाची कडी महिन्यांतून एकदां ओढून पाहावी. हवा न सुटल्यास यंत्र चालवूं नये. व्हॉल्व्ह गळतो म्हणून तेथें बूच ठोकणारेही आहेत!

मोटार थांबतांना प्रेशर स्विचापाशीं क्षणभर फुसकारा होणें योग्य. तो चालूच राहिला, तर टांकीच्या तोंडचा एकमार्गी व्हॉल्व्ह नीट बसत नाहीं. वीज तोडून, टांकी पूर्ण रिकामी करून तो खोलावा. कचरा पुसावा, चकती चिरली असल्यास बदलावी. याच दोषानें मोटार सुरू होतांना नुसती घुमतेही, कारण पिस्टनवर आधींच दाब असतो. लांब, बारीक वायरीवरून वीज घेतल्यासही तेंच होतें. म्हणून दुरुस्तीपूर्वीं वायर पाहावी.

तेल कांचेवरील खुणेपर्यंत ठेवावें. बिनतेली यंत्रांत मुळींच घालूं नये. भातझोडणीच्या दिवसांत हवेची गाळणी दर आठवड्यास झटकावी.