घरफोडी–प्रतिबंध

दारे, खिडक्या, छत इ. मार्गांनी परक्या माणसास घरात शिरता येऊ नये, शिरण्याचा प्रयत्न झाल्यास त्याला वेळ लागावा आणि तो प्रयत्न इतरांच्या लक्षात यावा, यांसाठी केलेल्या बांधकामविषयक व अन्य योजनांना घरफोडी–प्रतिबंध म्हणतात. कोणतेही राहते घर पूर्णपणे अभेद्य करता येत नाही. पुरेसा वेळ आणि अवजारे मिळाल्यास तिजोरीही फोडता येते. चोराजवळ मात्र वेळ थोडा असतो व आवाज त्याला परवडत नाही. त्यामुळे घराच्या संरक्षणाचे माप विलंब हेच होय. यूरोपीय मानकात दारे-खिडक्यांचे वर्ग याच तत्त्वावर ठरविले आहेत. त्यातील दुसऱ्या वर्गाच्या दाराने साध्या हत्यारांपुढे तीन मिनिटे व तिसऱ्या वर्गाच्या दाराने पहारीसारख्या हत्यारापुढे पाच मिनिटे टिकाव धरावा, अशी अपेक्षा असते. नेदर्लंड्समध्ये १९९९ पासून नव्या घरांना अशी दारे-खिडक्या बसविणे सक्तीचे झाले व त्या घरांतील घरफोड्या सु. एक चतुर्थांशाने कमी झाल्याचे पुढे अभ्यासांत आढळून आले.

‘घरफोडी’ हा शब्द जुन्या बांधकामाची आठवण जपून आहे. मातीच्या अथवा कच्च्या विटांच्या घरात दारापेक्षा भिंत फोडणे सोपे असे. शूद्रकाच्या मृच्छकटिक नाटकाच्या तिसऱ्या अंकात शर्विलक चारुदत्ताच्या घराला भोक पाडतो. पक्क्या विटा ओढून काढाव्यात, कच्च्या विटा छेदाव्यात, मातीच्या भिंतीवर पाणी शिंपावे आणि लाकूड चिरावे, असे चौर्यशास्त्राचे नियम त्याला पाठ आहेत. भोकाला कोणता आकार द्यावा याचाही तो विचार करतो आणि माप घेण्यासाठी गळ्यातील जानवे वापरतो. सांगलीजवळील हरिपूरशी संबंधित असलेले नाटककार गो. ब. देवल यांनी या नाटकाचे मराठी संगीत रूपांतर केल्याने हा प्रसंग मराठी प्रेक्षकांच्या परिचयाचा झाला. त्यातील विनोद बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरते : चोर प्रथम घराचे द्रव्य पाहतो आणि सर्वांत दुर्बळ जागा निवडतो. घरमालकानेही घराकडे असेच पाहावयास हवे. पुढील दाराला दोन कुलुपे आणि मागील दाराला नुसती कडी, ही व्यवस्था मालकाचे समाधान करते, घराचे रक्षण करीत नाही.

दख्खनमधील जुन्या वाड्यांत बाहेरच्या भिंतींना तळमजल्यावर खिडक्या जवळजवळ नसत. उजेड व वारा आतल्या चौकातून येई. मोठ्या दरवाज्यात वाकूनच जाता येईल अशी दिंडी ठेवलेली असे आणि रात्री दारामागे अडसर घालीत. अडसराचे दोन्ही शेवट भिंतीतील खोबणींत जात असल्याने दारावर दिलेला जोर बिजागऱ्यांवर किंवा कडीवर न पडता भिंतीवर पडे. साधेपणा आणि बळकटी यांबाबत त्याची बरोबरी करणारी योजना आजही क्वचितच आढळते. मात्र अडसर आतूनच घालता येतो, त्यामुळे घर बंद करून सर्व माणसे बाहेर गेली असता त्याचा उपयोग नाही. त्या प्रसंगी गावची राखण उपयोगी पडे. सातारा व पुणे भागांत रामोशी व जागले यांच्याकडे हे काम असे. चोरी झाल्यास पावलांचा माग काढीत गावच्या शिवेपर्यंत जावयाचे आणि माग पुढील गावात शिरला, तर जबाबदारी त्या गावावर सोपवावयाची, अशी रीत होती.

भारतीय दंड संहितेने (१८६०) घरफोडीची व्याख्या भिंतीपुरती मर्यादित ठेवली नाही. भिंतीला भोक पाडून किंवा खिडकीतून शिरणे, कुलूप उघडणे, बळजबरीने वाट काढणे हे सर्व प्रकार तीत येतात. संहितेने दिलेली उदाहरणे घरमालकाने लक्षात ठेवावीत अशी आहेत : दाराच्या छिद्रातून तार घालून आतील कडी उचलणे ही घरफोडी आहे आणि मालकाकडून हरवलेली किल्ली सापडल्यावर तिने दार उघडून आत शिरणे हीदेखील घरफोडीच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने (२०२३) ही व्याख्या कलम ३३० मध्ये कायम ठेवली आहे. कलम ३३१ नुसार चोरीच्या उद्देशाने रात्री केलेल्या घरफोडीस चौदा वर्षांपर्यंत, तर दिवसा केलेल्या घरफोडीस दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. सूर्यास्तानंतरचा व सूर्योदयापूर्वीचा काळ म्हणजे रात्र.

दारे : दार म्हणजे केवळ फळी नव्हे, फळी, चौकट, बिजागऱ्या, कडी-कोयंडा व कुलूप यांची ती साखळी आहे आणि तिचे बळ सर्वांत कच्च्या दुव्याइतकेच असते. कुलूपविद्येच्या इतिहासात कुलूप किल्लीवाचून उघडण्याच्या कौशल्याला मोठे स्थान आहे. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी हॉब्झ या अमेरिकन कारागिराने इंग्लंडमधील नामांकित कुलुपे उघडून दाखविली, तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. भारतात आर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपांचा कारखाना काढला व देशी कुलपांविषयी विश्वास निर्माण केला. प्रत्यक्षात मात्र सामान्य घरफोड्या कुलपाच्या वाटेला फारसा जात नाही. तो कटावणीने कोयंडा उचकटतो आणि कुलूप न उघडताच कोयंड्यासह खाली पडते. म्हणून महाग कुलूप विकत घेण्याआधी कोयंडा पाहावा. तो लहान स्क्रूंनी बसविलेला असल्यास काढून आरपार जाणाऱ्या बोल्टांनी बसवावा व बोल्टांच्या चाक्या दाराच्या आतल्या बाजूस घट्ट आवळाव्यात. कडी लावल्यावर स्क्रूंची डोकी तिच्याखाली झाकली जातील अशी रचना असावी.

बाहेरून लावलेल्या टाळ्याचा आणखी एक दोष आहे. घरात कोणी नाही, ही बातमी ते रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकास देते. दाराच्या जाडीत बसविलेले कुलूप (मॉर्टिस कुलूप) बाहेरून पाहता लावले आहे की नाही हे कळत नाही, म्हणून ते अधिक बरे. नुसते ओढून बंद होणारे तिरप्या जिभेचे कुलूप पुरेसे नाही. किल्ली फिरविल्यावर चौकटीत खोल जाणारा चौकोनी खटका त्यासोबत हवा. खटका ज्या पत्र्याच्या घरात शिरतो, तो पत्रा लांब स्क्रूंनी चौकटीच्या गाभ्यापर्यंत बसवावा. चौकट भिंतीत प्रत्येक बाजूस तीन लोखंडी पट्ट्यांनी सिमेंट काँक्रीटमध्ये पक्की केलेली असावी. बाहेरचे दार भरीव गाभ्याचे असावे. पोकळ गाभ्याचे दार लाथेनेही फुटते. दार बाहेर उघडणारे असेल, तर बिजागऱ्यांच्या खिळ्या बाहेर राहतात व ठोकून काढता येतात. अशा दाराला बिजागरीच्या बाजूस चौकटीत अडकणाऱ्या पक्क्या खुंट्या बसवितात.

खिडक्या : खिडकीला उभे लोखंडी गज बसविण्याची पद्धत महाराष्ट्रात सार्वत्रिक आहे. दोन गजांमधील मोकळी जागा १० ते १२ सेंमी. पेक्षा अधिक असू नये. डोके गेले की शरीर जाते, हा जुना सुतारी ठोकताळा बहुधा खरा ठरतो. गज लांब असल्यास ते वाकवून फट वाढविता येते, म्हणून मधे एक-दोन आडव्या पट्ट्या घालून गज त्यांच्या छिद्रांतून ओवतात. लाकडी चौकट वाळवीने पोखरलेली असेल, तर जाडजूड गजांनाही अर्थ नाही. गजांची टोके कुजलेल्या लाकडातून सहज निसटतात. तयार जाळी बाहेरून स्क्रूंनी बसविण्यापेक्षा तिचे पाय बांधकामातच गाडावेत. सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीचे झडप वर उचलून रुळातून काढता येते. ते टाळण्यासाठी वरच्या खोबणीत ठोकळा बसवितात. सर्वांत दुर्लक्षित राहते ती न्हाणीघराची खिडकी. तिच्या काचेच्या आडव्या पट्ट्या बाहेरून एकेक करून काढता येतात, म्हणून त्यांच्यामागे गज हवेतच.

सांगली शहराच्या उत्तरेस असलेली, कापड गिरणी व यंत्रमाग यांच्याभोवती वाढलेली माधवनगरसारखी वस्ती पाहिली, तर एकच उपाय सर्व घरांना का पुरत नाही हे ध्यानात येते. कौलारू बैठ्या घरात भिंती व दारे पक्की असली, तरी कौले हाताने बाजूस सारता येतात; तेथे कौलांखाली तक्तपोशी किंवा लोखंडी जाळी हवी. स्लॅबच्या बंगल्यात धोका गच्चीच्या दाराचा. बाहेरचा जिना, पावसाचे नळ किंवा शेजारची भिंत यांवरून गच्ची गाठता येते आणि गच्चीचे दार बहुधा घरातील सर्वांत हलके असते. उन्हाळ्यात कुटुंब गच्चीवर झोपते व खालचे दार नुसते ओढून घेतलेले असते, ही चोराला नेहमीची माहीत असलेली संधी आहे. सदनिकांत एकच दार सांभाळावयाचे असते. पण दुपारी सारी मंडळी कामावर गेल्यावर जिन्यात कोण आले-गेले हे पाहणारे कोणी नसते. कृष्णेच्या २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगली परिसरातील असंख्य कुटुंबांना घरे बंद करून बाहेर पडावे लागले. अशा वेळी दागिने व कागदपत्रे सोबत नेणे हाच खात्रीचा उपाय. पाण्याने फुगलेल्या दाराचा व वीज नसलेल्या गजराचा भरवसा धरता येत नाही.

बाहेर पडण्याची वाट : चोराला अडविणारी जाळी घरातल्या माणसांनाही अडविते, हा या विषयातील सर्वांत गंभीर प्रश्न होय व जाळ्या बनविणारे आणि बसवून घेणारे दोघेही त्याकडे काणाडोळा करतात. स्वयंपाकघरात गॅसचा भडका उडाला आणि दाराची वाट धुराने भरली, तर पक्क्या जाळ्यांचे घर पिंजरा ठरते. बहुमजली इमारतींत सज्जा पूर्णपणे जाळीने बंद केल्यास अग्निशामक दलाची शिडी पोहोचूनही जवानांना आधी लोखंड कापावे लागते. पुराचे पाणी रात्रीत चढते, तेव्हाही हीच अडचण येते. म्हणून झोपण्याच्या प्रत्येक खोलीत निदान एका खिडकीच्या जाळीला बिजागऱ्यांवर उघडणारा भाग असावा. त्याचे कुलूप आतून लावावे, किल्ली ठराविक खिळ्यावर ठेवावी. ती बाहेरून हात घालून मिळू नये, पण घरातील लहान मुलास व वृद्धासही अंधारात सापडावी. सरकत्या लोखंडी दरवाज्याला रात्री आतून टाळे लावून किल्ली मालकाच्या उशाखाली ठेवण्याची पद्धत याच कारणाने घातक आहे.

इतर साधने : दारावरील गजराची रचना सोपी असते. झडपेवर लोहचुंबक व चौकटीवर चुंबकाने मिटणारी विद्युत्-कळ बसवितात. दार उघडताच चुंबक दूर जाऊन मंडल खंडित होते व घंटा वाजते. वीज गेल्यावरही ती वाजावी म्हणून विद्युत् घटमाला जोडतात. टेहळणी कॅमेरा चोरीची नोंद ठेवतो, दार बळकट करीत नाही. चेहरा झाकलेल्या माणसाचे चित्र तपासास फारसे उपयोगी पडत नाही. या साधनांपेक्षा शेजाऱ्याची नजर स्वस्त आणि बऱ्याचदा अधिक उपयोगी ठरते. परगावी जाताना दूध व वर्तमानपत्र बंद करावे आणि किल्ली चौकटीवर किंवा कुंडीखाली न ठेवता शेजारी द्यावी.

या संदर्भात शनिशिंगणापूरचा (अहिल्यानगर जिल्हा, पूर्वीचा अहमदनगर) उल्लेख नेहमी केला जातो. शनिदेवावरील श्रद्धेमुळे तेथील घरांना दारे व कुलुपे न लावण्याची प्रथा आहे. तेथेही २०१० व २०११ मध्ये चोरीच्या तक्रारी नोंदविल्या गेल्या आणि २०१५ मध्ये पोलीस ठाणे सुरू झाले. २०११ मध्ये तेथे शाखा उघडणाऱ्या युको बँकेने प्रथेचा मान राखून पारदर्शक काचेचे दार बसविले. ते बंद ठेवण्यासाठी दुरून चालणारे, सहज न दिसणारे विद्युत्-चुंबकीय कुलूप मात्र योजले.

घरफोडी झाल्याचे आढळल्यास आत न शिरता ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे. चोर आतच असण्याचा संभव असतो आणि दाराच्या मुठीवरील बोटांचे ठसे पुसले जातात. एकदा फोडलेले घर थोड्याच दिवसांत पुन्हा फोडले जाण्याची शक्यता इतर घरांपेक्षा अधिक असल्याचे अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. चोराला त्या घराची रचना व वाट ठाऊक झालेली असते, म्हणून ज्या वाटेने प्रवेश झाला ती त्याच दिवशी पक्की करून घ्यावी व किल्ल्या गेल्या असल्यास कुलुपे बदलावीत.