वय वर्षे १९, धंदा शिक्षण

सिंधुदुर्गातल्या कुठल्याही वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून एक बातमी ठरलेली असते. गोवा बनावटीच्या दारूची बेकायदा वाहतूक, अमुक लाखांचा मुद्देमाल जप्त, दोघे ताब्यात. गाडीचा नंबर आणि खोक्यांची संख्या बदलली की नवी बातमी तयार. एरवी मी ती न वाचताच पान उलटतो. मे महिन्यात मात्र अशाच एका चार ओळींच्या बातमीत आरोपीच्या नावापुढे कंसात ‘वय १९’ दिसलं आणि नजर तिथेच अडकली.

गोव्यात अठरा पूर्ण झाली की दारू विकत घेता येते. महाराष्ट्रात सौम्य बियर आणि वाइनला २१ लागतात. व्हिस्की, रम, देशी या सगळ्याला २५. म्हणजे या पोराची खरेदी कायद्याला धरून झाली होती. पत्रादेवीची हद्द ओलांडली तेव्हा तो दोन अंगांनी चुकला. बाटली परराज्यातली, हे एक. दुसरं, ती हातात धरायचं त्याचं वय नव्हतं. बातमीतली कलमं मात्र नुसती बाटलीची होती. वयाचं पुढे काय होतं ते बघायला मी खारेपाटणला गेलो.

खारेपाटण म्हणजे जिल्ह्याचं उत्तरेकडचं दार. मुंबईकडून येताना राजापूर तालुका संपला की इथून सिंधुदुर्ग सुरू. २०२० साली टाळेबंदीत हजारो चाकरमानी याच नाक्यावर ई-पास दाखवत रांगा लावून उभे होते. गोव्याहून मुंबईला निघालेल्या गाडीसाठी हेच दार जिल्ह्यातलं शेवटचं. इन्सुलीचा नाका चुकवून, आडवाटेनं, बांद्यापासून शंभरेक किलोमीटर निभावून आलेली बाटली इथे सुटली तर पुढे रत्नागिरी, आणि मग मुंबईपर्यंत मोकळं रान. म्हणून रात्री महामार्गावर बॅरिकेड, एक मोठा दिवा आणि चार-पाच माणसं.

त्यांतले एक जवान माझ्या लक्षात राहिले. उत्पादन शुल्क खात्यात शिपायाला जवान म्हणतात. यांची निवृत्ती तोंडावर आलेली, गुडघे कुरकुरणारे, बोलणं अस्सल मालवणी. गाडी थांबली की इतर जण डिकी उघडायला लावतात, सीटखाली बॅटरी मारतात, स्टेपनी हलवून बघतात. हे फक्त पिकअपच्या हौद्याजवळ जातात आणि फणस तयार झालाय का बघावा तसं पत्र्यावर थापटत पुढून मागे सरकतात. एका जागी आवाज बदलला की थांबतात. तिथे चोरकप्पा असतो. नसला तर मान हलवून गाडी सोडतात. मासळीच्या गाड्यांमधून बर्फाचं पाणी रस्त्यावर ठिबकत होतं, मागोमाग आंब्याच्या पेट्यांचा ट्रक आला, त्या सगळ्या घमघमाटात त्यांनी एका मोटारीची काच खाली करायला लावली आणि आत डोकं न घालताच म्हणाले, “फेणी आसा.” होतीच. टिपॉयखाली ठेवतात तसल्या चटईत गुंडाळलेली एकच बाटली, बूच जरासं पाझरणारं. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. खारेपाटणच्या रस्त्यावर तिला मानांकनाची गरज पडली नाही.

“हेका कुत्रो कित्याक होयो?” ते मला म्हणाले. “नाक पुरे.”

तो वास त्यानंतर माझ्या शर्टालाच बसल्यासारखा झाला. चहाच्या टपरीवर गेलो तरी येत होता.

मध्यरात्रीनंतर एक पांढरी मोटार आली. आत चार पोरं, परीक्षा संपवून गोव्याला गेलेली, उन्हानं नाकं सोललेली. डिकीत ओल्या टॉवेलांखाली व्हिस्कीच्या काही बाटल्या. जवानांनी एक उचलली, अंगठ्यानं ओल पुसली आणि लेबलवरची बारीक ओळ बॅटरीखाली धरली: फक्त गोव्यात विक्रीसाठी. गाडी चालवणारा म्हणाला, “पप्पांसाठी घेतल्यात.” त्याचं लायसन्स मागितलं गेलं. त्यावर जन्मतारीख छापलेली होती. तो एकोणीस वर्षांचा होता.

पुढचं सगळं शिस्तीत झालं: दोन पंच आले, बाटल्या मोजल्या, कागदाच्या चिठ्ठ्यांवर सह्या घेऊन सील लावलं, पंचनामा झाला. पंचनाम्याच्या मजकुरात नाव, मग ‘वय वर्षे १९, धंदा शिक्षण’, मग पत्ता. लिहिणाऱ्याचं पेन १९ या आकड्यावर क्षणभरही रेंगाळलं नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९, कलम ६५ आणि त्याच्या मागून येणारी नेहमीची कलमं. या कलमांना फरक पडतो तो दारू कुठली आणि वाहतुकीचा परवाना आहे का, एवढ्यानंच. आरोपी साठ वर्षांचा असता तरी कागद हाच झाला असता.

मी जवानांना विचारलं, वयाचं काही नाही का? त्यांनी जरा विचार करून उत्तर दिलं.

“बाटली खयची ता आमी बघूचा. पिणारो केवढो ता परवान्यार. आणि पाच रुपयांचो परवानो काढूक कोण बसता?”

हे पाच रुपये समजून घेण्यासारखे आहेत. महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा रद्द झालेला नाही; १९४९ साली मोरारजी देसाईंच्या आग्रहानं आलेला तो कायदा पुढे परवान्यांच्या खिडक्या ठेवून सैल होत गेला. आजही कागदावर इथे दारू प्यायची तर परवाना लागतो. विदेशी मद्यासाठी एका दिवसाचा पाच रुपयांना, वर्षाचा शंभराला, आजन्म हजाराला. वयाची अट या परवान्याला चिकटलेली आहे: पंचविशी पूर्ण नसेल तर व्हिस्कीचा परवानाच मिळणार नाही. म्हणजे २५ या आकड्याचा सगळा भार पाच रुपयांच्या एका चिठोऱ्यावर आहे. आणि बारमध्ये बसलेल्या कुणाला ते चिठोरं आठवतं? ज्यांनी उभ्या आयुष्यात ते पाहिलेलं नाही असे पिणारे माझ्या ओळखीत डझनावारी निघतील. पाच रुपयांचा कागदच कुणी मागत नसेल, तर त्या कागदावरचं वय कोण मागणार?

२०११ मध्ये राज्य सरकारनं व्यसनमुक्तीचं धोरण आणलं तेव्हा या २५ वरून बराच गदारोळ झाला. अभिनेता इमरान खान कोर्टात गेला. मतदान अठराव्या वर्षी, मुलाचं लग्न एकविसाव्या वर्षी, मग पेग पंचविसाव्या वर्षी का, असा एकूण सवाल. एका परीनं सरकारची शिडी विनोदी आहेच. ग्रामपंचायतीचा सदस्य व्हायला २१ लागतात आणि आमदारकीला २५. खारेपाटणचा एखादा तरुण सरपंच बियर पिऊ शकेल, पण व्हिस्कीसाठी त्याला विधानसभेच्या वयाची वाट बघावी लागेल. हरियाणातही २५ होते. २०२१ मध्ये त्यांनी ते २१ वर आणले. आपण आणले नाहीत, पाळलेही नाहीत.

नाक्याजवळच्या टपरीवर एक पोरगा बसला होता. सुट्टीवर आलेला. कोकणात ‘बोटीवर असतो’ म्हटलं की पुढचं समजायचं असतं: परदेशी क्रूझ कंपनी, सात-आठ महिन्यांचा करार, घरी स्लॅबचं काम. हा अमेरिकन कंपनीच्या बोटीवर बारमध्ये वेटर. वय तेवीस. त्याला मी पोरांच्या गाडीची गोष्ट सांगितली तेव्हा तो हसला नाही, उलट गंभीर झाला.

“आमच्याकडे असं झालं तर माझी नोकरी जाईल,” तो म्हणाला. बोटीवर रोकड चालत नाही. प्रवाशाकडे एक कार्ड असतं, खोलीची किल्लीही तेच आणि पाकीटही तेच. ग्लास भरण्याआधी कार्ड यंत्रावर टेकवलं की पडद्यावर फोटो आणि वय दिसतं. वय कमी असेल तर यंत्र बिलच घेत नाही. आई-बापानं आपल्या पेगातला घोट मुलाला दिलेला दिसला तरी त्यांना टोकावं लागतं. आणि गंमत म्हणजे हे वय बोटीगणिक नाही, बंदरागणिक बदलतं. मायामीहून निघाली की २१. तीच कंपनी, तसलीच बोट, पण बार्सिलोनाहून निघाली की १८. बोटीची नोंदणी बहुधा बहामाजसारख्या देशात असते, जिथे वय १८ आहे. तरी अमेरिकेत १९८४ च्या केंद्रीय कायद्यानं २१ हे वय पक्कं केलं आणि तिथून सुटणाऱ्या बोटींवर कंपन्यांनी तेच ठेवलं. एकोणीस-वीस वर्षांची अमेरिकन पोरं सुट्टीत येतात, बारच्या काउंटरपर्यंत ऐटीत चालत येतात आणि कार्ड टेकवल्यावर लिंबू-सोडा घेऊन परत जातात. “भांडतात,” तो म्हणाला, “पण यंत्राशी किती भांडणार?”

मी त्याला विचारलं, तुला इथं व्हिस्की प्यायला कायद्यानं अजून दोन वर्षं आहेत, माहीत आहे? त्याला माहीत नव्हतं. रोज रात्री शेकडो पेग भरणाऱ्या, दुसऱ्यांची वयं यंत्रावर तपासणाऱ्या या पोराला स्वतःच्या गावातलं वय कुणी सांगितलेलं नव्हतं.

“घराकडे मी पियत नाय तो बापाशीच्या भियान,” तो आता मालवणीवर आला. “कायदो खय आड येता?”

खारेपाटणात बसून हे ऐकताना मला ताम्रपट आठवत होते. हे गाव एके काळी बंदर होतं. विजयदुर्गाच्या खाडीतून गलबतं इथवर येत. इथे सापडलेल्या शिलाहार रट्टराजाच्या शके ९३० च्या, म्हणजे इ.स. १००८ च्या ताम्रपटात अव्वेश्वराच्या देवळाला दिलेल्या दानाची यादी आहे. तीत गावं आहेत, आणि परद्वीपाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक गद्याण सोनंही आहे. हा ताम्रपट पहिल्यांदा छापला तो इथून जवळच्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी. दुसरा ताम्रपट शके १०१६ चा, अनंतदेव शिलाहाराचा. त्यात एका अमात्याला आणि त्याच्या भावाला ठाणं, सोपारा, चौल वगैरे बंदरांतल्या जकातीतून सूट दिली आहे. एकात वसुली, दुसऱ्यात माफी. हजार वर्षांपूर्वीही राज्याला पडलेला प्रश्न हाच: माल कुठून आला, आणि त्यावर आमचं किती? गलबतावरचा खलाशी केवढा आहे, हे तांब्यावर कोरायची कुणाला गरज वाटली नव्हती.

आजचा नाकाही त्याच वंशातला आहे, आणि तो आपलं काम इमानानं करतो. कारण सरळ आहे. गोव्यात कर कमी, इथे जास्त. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादन मूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. दरी वाढली की चोरकप्पेही वाढणार. २०२२ मध्ये तेव्हाचे मंत्री शंभूराज देसाई यांनी वारंवार गोव्याची दारू आणणाऱ्यांवर मोक्का लावण्याची भाषा केली होती. मोक्का हा संघटित गुन्हेगारीचा कायदा. बुडालेल्या कराचा राग एवढा मोठा असतो. कोवळ्या वयाची काळजी मात्र पाच रुपयांच्या चिठोऱ्यावर भागते.

दारूचं वय कमी करावं, असं मला म्हणायचं नाही. उशिरा सुरुवात झालेली बरी, हे घरात एक जरी पिणारा असेल तर कुणालाही पटेल, आणि कोकणात अशी घरं कमी नाहीत. पण आकडा मोठा केला म्हणून तो कडक होत नाही. बोटीवरचे २१ कडक आहेत, कारण ग्लास भरण्याआधी ते विचारले जातात आणि न विचारणाऱ्याची नोकरी जाते. आपले २५ कुठेच विचारले जात नाहीत: नाक्यावर नाही, कारण ते नाक्याचं कामच नाही, बारमध्ये नाही, कारण तिथं ते विचारणं धंद्याच्या मुळावर येतं. सरकारला २५ खरंच हवे असतील तर पहिला तपास बारच्या काउंटरवर हवा, दंड पिणाऱ्या पोराआधी पाजणाऱ्याला हवा. नसतील हवे, तर हरियाणासारखं उघड २१ करावं आणि ते तरी पाळून दाखवावं.

जवानांना मी हे सगळं सांगितलं. त्यांचा स्वतःचा मुलगा पणजीत शिकतो, वीस वर्षांचा. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बारार उभो करा माका. थयसर वय इचारतंय.” मग दुसरी पिकअप आली आणि ते थापटायला गेले.

त्या एकोणीस वर्षांच्या पोराचं पुढे काय होईल, ते ठरलेलं आहे. दोषारोपपत्र, कणकवलीच्या तारखा, पंचांच्या साक्षी, मुंबईहून प्रत्येक वेळी रजा काढून येणं. आपल्याकडच्या खटल्यांची चाल पाहता निकाल लागेपर्यंत तो आरामात पंचविशी गाठेल. सुटला, तर बाहेर पडून पाच रुपये भरायचे आणि परवाना काढायचा. काढायला सांगणारं कुणी भेटलं तर.