झाडावरचा ठिय्या

मुलांनो, झाडावर चढायला कुणाला आवडत नाही? आंब्याच्या फांदीवर बसायचं, मीठ-तिखट लावून कैरी खायची आणि खालून कुणी हाका मारल्या तरी ओ द्यायची नाही! पण दिवेलागणीला खाली उतरावंच लागतं. ज्युलिया हिल नावाची तेवीस वर्षांची एक मुलगी मात्र १० डिसेंबर १९९७ रोजी एका झाडावर चढली, ती उतरली थेट १८ डिसेंबर १९९९ रोजी. मधले ७३८ दिवस तिचा पाय जमिनीला लागला नाही.

एवढं काय होतं त्या झाडावर? चला, बघू या.

कुठलं झाड, कसलं भांडण?

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तर भागात हम्बोल्ट नावाचा जिल्हा आहे. तिथे पॅसिफिक महासागराच्या काठाकाठाने रेडवूड वृक्षांची जंगलं आहेत. जगातली सगळ्यांत उंच झाडं ती हीच. हायपेरियन नावाचा रेडवूड तर जवळपास ११६ मीटर उंच आहे! ज्युलियाचं झाड त्याच्यापुढे ठेंगणंच, साधारण ६० मीटर. पण हे ‘ठेंगणं’ झाडही अठरा-वीस मजली इमारतीएवढं भरतं, बरं का. आणि त्याचं वय सुमारे १००० वर्षं. आपल्याकडे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी लिहिली गेली, तेव्हा हे झाड तीनशेच्या आसपास पोचलेलं होतं.

हे झाड जिथे होतं, ती जमीन पॅसिफिक लंबर या लाकूड कंपनीच्या मालकीची होती. कंपनी जुनी, १८६३ मधली. पूर्वी ती बेताबेताने झाडं तोडायची. १९८० च्या दशकात दुसऱ्या एका मोठ्या कंपनीने मोठं कर्ज काढून ती विकत घेतली. आता ते कर्ज फेडायचं कसं? जास्त झाडं तोडून! तोड झपाट्याने वाढली. डोंगरउतारावरची झाडं सरसकट आडवी होऊ लागली.

उतारावरची झाडं गेली की काय होतं, हे कोकणातल्या आणि घाटाखालच्या मुलांना सांगायला नको. माती धरून ठेवणारी मुळं हळूहळू कुजतात आणि मोठ्या पावसात उतारच खाली येतो. १९९६ च्या शेवटच्या दिवशी तिथल्या स्टॅफर्ड गावात हेच झालं. चिखल आणि ओंडक्यांचा लोंढा आला आणि सात घरं उद्ध्वस्त करून गेला. ज्युलियाचं झाड याच गावाच्या वरच्या डोंगरावर उभं होतं आणि तेही तोडायचं ठरलं होतं.

ते वाचवण्यासाठी काही कार्यकर्त्यांनी रात्री, पौर्णिमेच्या उजेडात, वर मचाण बांधलं. म्हणून झाडाचं नाव पडलं लूना, म्हणजे चंद्र. झाडावर माणूस बसलेला असताना झाड तोडता येत नाही, म्हणून एकेकाने पाळीपाळीने वर बसायचं, असा हा ठिय्या होता. ज्युलियाची पाळी आली आणि ती वरच राहिली.

‘नवी लावू की!’

इथे तुमच्यातलं कुणीतरी हात वर करेल. “पण एक झाड तोडलं, तर त्याच्या जागी दहा लावता येतात ना?” प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर मिळवायला आपल्याला रेडवूडच्या शेंड्यापर्यंत जायला हवं. दोर घट्ट धरा!

बुंध्यापाशी आधी सालीला हात लावा. ती मऊ, तंतूंची, तांबूस आहे आणि म्हाताऱ्या झाडावर तिची जाडी कुठे कुठे ३० सेंटिमीटर असते. तुमची अख्खी मोजपट्टी आत जाईल! या सालीत टॅनिन नावाचं द्रव्य भरपूर असतं. त्यामुळे किडे आणि बुरशी सहसा तिच्या वाटेला जात नाहीत आणि लहानसहान वणवेही झाड सोसतं.

थोडं वर आलो की धुकं लागेल. इथे उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ पडतच नाही. मग एवढ्या प्रचंड झाडांची तहान कशी भागते? समुद्राचं पाणी थंडगार असतं, त्यावरून येणारी दमट हवा निवते आणि धुक्याचे लोटच्या लोट जंगलात शिरतात. लाखो बारीक पानांवर धुक्याचे थेंब जमतात, एकमेकांत मिसळतात, जड होतात आणि टपटप खाली पडतात. या जंगलाला वर्षभरात मिळणाऱ्या पाण्याचा सुमारे तिसरा हिस्सा असा धुक्यातून येतो. काही पाणी तर पानं स्वतःच शोषून घेतात.

आता पानं नीट बघा. खालच्या फांद्यांवरची लांबट, चपटी आहेत. शेंड्याकडची मात्र इवलीशी, खवल्यांसारखी फांदीला चिकटलेली! एकाच झाडाची पानं इतकी वेगळी कशी? पाणी मुळांपासून एवढ्या उंचीवर खेचून न्यायचं म्हणजे गुरुत्वाकर्षणाशी झुंज. जितकं वर जावं तितकं ते कठीण होतं. पान मोठं व्हायला आतल्या पेशी पाण्याने टम्म फुगाव्या लागतात आणि शेंड्याला ते नीट जमत नाही. म्हणून पानं लहानच राहतात.

आणि आता खरी गंमत. फांद्यांच्या बेचक्यात बोट घाला. हाताला काय लागतं? माती! जमिनीपासून पन्नास मीटर वर माती आली कुठून? शेकडो वर्षं गळणारी पानं आणि सालीचे तुकडे बेचक्यांत साठले, कुजले आणि त्यांची माती झाली. त्या मातीत नेचे उगवले. ते मेले, कुजले, माती वाढली. त्यावर हकलबेरीची झुडपं आली. या ओलसर थरात शास्त्रज्ञांना कोपेपॉड नावाचे पाण्यात राहणारे सूक्ष्म जीवही सापडले. इथेच सॅलमँडर नावाचा एक उभयचर प्राणी राहतो. त्याला फुप्फुसं नसतात, तो त्वचेतून श्वास घेतो. झाडावरून उडी मारली की हातपाय पसरून हवेत तोल सावरत तरंगत उतरतो.

अजून एक बिऱ्हाड बघू या. मार्बल्ड मरलेट हा समुद्रपक्षी मासे पकडतो समुद्रात, पण अंडं घालायला कित्येक किलोमीटर आत जंगलात येतो. त्याचं घरटं कुठे असतं, याचा उत्तर अमेरिकेत कुणाला पत्ताच लागत नव्हता. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका उंच झाडावर चढलेल्या माणसाला ते अचानक दिसलं. हा पक्षी काड्या गोळा करत नाही. शेवाळाची गादी असलेली रुंद, आडवी फांदी शोधतो आणि त्या गादीवर एकच अंडं घालतो.

आता सांगा पाहू, दहा नव्या रोपांवर अशी फांदी कुठे मिळेल? तशी फांदी तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. माती साठायलाही तेवढीच. रोपं जरूर लावावीत, पण रोप म्हणजे जुनं झाड नव्हे. रेडवूडची जी जुनी जंगलं पूर्वी होती, त्यातली जेमतेम पाच टक्के आज उरली आहेत.

वर ज्युलिया, खाली कामगार

ज्युलियाच्या मचाणाला भिंती नव्हत्या. वर ताडपत्री, खाली फळ्या आणि जागा जेमतेम आडवं होण्यापुरती. स्वयंपाकाला एकच बर्नर. मदतनीस डोंगर चढून सामान आणायचे आणि ती ते दोराने वर ओढायची. सौरऊर्जेवर चार्ज होणाऱ्या फोनवरून ती पत्रकारांशी आणि शाळकरी मुलांशी बोलायची. पहिल्याच हिवाळ्यात वादळं आली, ताडपत्र्या फाटल्या, मचाण गदगदा हललं. कंपनीचं हेलिकॉप्टर जवळून घिरट्या घालायचं. तिचं सामान अडवायला खाली पहारेकरी बसवले गेले. तरी ती उतरली नाही.

आणि खाली करवत घेऊन उभे असलेले लाकूडतोड कामगार? ते काही गोष्टीतले राक्षस नव्हते. कित्येकांचे वडील-आजोबाही याच कामावर होते. घरभाडं, मुलांची शाळा, सगळं याच पगारावर. तोड बंद झाली तर आपण खायचं काय, ही त्यांची भीती खरी होती. रागाच्या भरात शिवीगाळही व्हायची. पण ज्युलिया त्यांच्याशी बोलत राहिली आणि त्यांच्यातले काही तिच्याशी बोलू लागले. बोलता बोलता कळू लागलं की भरमसाट तोडीत कामगारांचाही तोटाच आहे. सगळंच जंगल आज तोडलं, तर उद्या कामावर यायचं कुठे?

सगळीकडे मात्र असं बोलणं झालं नाही. सप्टेंबर १९९८ मध्ये त्याच भागातल्या जंगलात तोडलेलं झाड अंगावर कोसळून एका तरुण कार्यकर्त्याचा जीव गेला. भांडण इतकं पेटलं की नुकसान सगळ्यांचंच होतं.

शेवटी १९९९ च्या डिसेंबरात करार झाला. लूना आणि तिच्याभोवतीचा साठ मीटरचा पट्टा कधीही तोडायचा नाही. बदल्यात ज्युलिया आणि तिच्या पाठीराख्यांनी कंपनीला ५०,००० डॉलर दिले आणि ते पैसे वनसंशोधनासाठी तिथल्या विद्यापीठाकडे गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये सरकारने जवळचं सुमारे ७,५०० एकरांचं हेडवॉटर्स जंगल विकत घेऊन राखीव केलं होतं.

लूना अजून उभी आहे

पण नोव्हेंबर २००० मध्ये एक वाईट गोष्ट घडली. कुणीतरी चोरून येऊन लूनाच्या बुंध्यावर चेनसॉ चालवला. काप खोडात खोलवर गेला होता! लोक धावले, जखमेवर पोलादी पट्ट्या ठोकल्या, झाड वाऱ्यात पडू नये म्हणून तारांचे ताण दिले. आणि लूना जगली. पाणी वर नेणारं जिवंत लाकूड सालीच्या आत, खोडाच्या बाहेरच्या भागात असतं. न कापलेल्या बाजूने तो प्रवाह चालू राहिला.

पुढे पॅसिफिक लंबरचं दिवाळं वाजलं. २००८ मध्ये आलेल्या नव्या कंपनीने जाहीर केलं की जुनी झाडं आम्ही तोडणार नाही. तिथली लाकूडतोड बंद पडली नाही, ती नियमाने होऊ लागली. मग त्या भागात झाडांवर बसलेले उरलेले कार्यकर्तेही खाली उतरले.

आता तुमची पाळी

महाराष्ट्रातल्या शहरांसाठी झाडं वाचवण्याचा कायदा १९७५ पासून आहे. २०२१ मध्ये त्यात सुधारणा झाली. पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड ‘हेरिटेज वृक्ष’ ठरतं. झाड तोडावंच लागलं, तर त्याचं वय जितकी वर्षं असेल, तितकी नवी रोपं लावायची. म्हणजे झाडाच्या वयाला किंमत आहे, हे आपल्या कायद्यानेही मानलं आहे.

तर एक काम करा. शाळेजवळचं किंवा गल्लीतलं सगळ्यांत जुनं झाड निवडा. जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर सुतळी गुंडाळून त्याचा घेर मोजा. ते केव्हापासून आहे, हे आजी-आजोबांना विचारा. मग महिनाभर रोज थोडा वेळ त्याच्याखाली थांबा आणि त्यावर कोण कोण राहतं ते वहीत टिपा. खारी, मुंग्या, घुबड, ढोलीतले पोपट, फांदीवर उगवलेलं बांडगूळ किंवा आमर, सगळं. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच उंचीवर पुन्हा घेर मोजा.

शहरात झाड तोडायचं असेल, तर झाडावर नोटीस लागते आणि लोकांकडून हरकती मागवल्या जातात. तुमच्या झाडावर कधी अशी नोटीस दिसली, तर मोठ्यांच्या मदतीने हरकतीचा अर्ज लिहा आणि सोबत वहीतली यादी जोडा. झाडावर कुणाकुणाचं बिऱ्हाड आहे, हे वृक्ष अधिकाऱ्यांना त्या यादीतून कळेल.