कर्णनादाचा प्रश्न : गोंगाट नको, पण निःशब्दताही नको

जुन्नर तालुक्यातील ओझर हे अष्टविनायकांपैकी एक क्षेत्र. कुकडीच्या काठी, येडगाव धरणाच्या जलाशयालगत वसलेल्या या गावच्या गणपतीला विघ्नहर किंवा विघ्नेश्वर म्हणतात. त्यामागची आख्यायिका सर्वश्रुत आहे. विघ्नासुर शरण आला तेव्हा गणपतीने त्याचा वध केला नाही. जेथे आपले पूजन चालू असेल तेथे त्याने फिरकू नये, एवढी अट घालून त्याला अभय दिले, आणि त्याच्याच विनंतीवरून त्याचे नावही स्वतःच्या नावात सामावून घेतले. विघ्नाचा नाश न करता त्याला मर्यादेत ठेवण्याचा हा मार्ग ज्या एका आजाराला तंतोतंत लागू पडतो, त्या आजाराची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. तो आजार म्हणजे कर्णनाद. ओझरसारख्या उत्सवक्षेत्राच्या परिसरात तर ही चर्चा अधिकच अगत्याची आहे.

बाहेर कोणताही ध्वनी नसताना कानात किंवा डोक्यात ऐकू येणारा आवाज म्हणजे कर्णनाद. कोणाला शिटी ऐकू येते, कोणाला रातकिड्यांची किरकिर, तर कोणाला वाफ सुटल्यासारखा सतत सूर. ‘कान वाजतात’ असे आपण सहज म्हणतो, पण ज्याचे कान दिवसरात्र वाजतात त्याची झोप, एकाग्रता आणि स्वस्थता हळूहळू हिरावली जाते. हा आजार नवा नाही. सुश्रुताने सांगितलेल्या २८ कर्णरोगांमध्ये कर्णनादाची गणना आहे, आणि बेथोव्हेनने १८०१ साली आपल्या डॉक्टर मित्राला लिहिलेल्या पत्रात याच व्याधीची तक्रार केली होती. नवे आहे ते तिचे प्रमाण. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यानुसार प्रौढ व्यक्तींपैकी सुमारे १४ टक्के लोकांना, म्हणजे ७४ कोटींहून अधिक जणांना, केव्हा ना केव्हा कर्णनादाचा अनुभव आलेला असतो. त्यांपैकी १२ कोटींहून अधिक लोकांचा त्रास तीव्र स्वरूपाचा असतो.

गोंगाटाचे हिशेब

कर्णनादाची कारणे अनेक असली, तरी मोठ्या आवाजामुळे कानाला होणारी इजा हे त्यांतील एक प्रमुख आणि टाळता येण्याजोगे कारण आहे. अंतःकर्णातील शंखाकृती भागात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनिलहरींचे विद्युत्संदेशांत रूपांतर करणे हे त्यांचे काम. माणसाच्या कानातील या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. भांडवल एकदाच मिळालेले आणि भर कधीच न पडणारी अशी ही पुंजी आहे.

तिची उधळपट्टी किती वेगाने होते हे डेसिबलच्या मोजमापावरून चटकन ध्यानात येत नाही, कारण हे मोजमाप साध्या बेरजेचे नाही. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, आणि दहा डेसिबल वाढले की दसपट. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाकाठी आठ तास राहता येते. पण हाच आवाज ८८ वर गेला की ही मुदत चार तासांवर येते, ९४ ला एक तासावर, आणि १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटांवर. ढोलताशांच्या पथकात किंवा ध्वनिक्षेपकांच्या भिंतीसमोर आवाज शंभर डेसिबलच्या पुढे सहज जातो, आणि मिरवणूक पंधरा मिनिटांत संपत नाही.

ओझरच्या पंचक्रोशीत या गोष्टीची उदाहरणे हवी तेवढी सापडतील. भाद्रपद आणि माघातील चतुर्थीला क्षेत्री जमणारी गर्दी, गावोगावच्या मिरवणुका, पुणे-नाशिक महामार्गावरील कर्कश हॉर्न, आणि गळिताच्या हंगामात गाणी वाजवीत जाणारे उसाचे ट्रॅक्टर ही नेहमीची दृश्ये आहेत. शेजारचे नारायणगाव तर तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. ढोलकी आणि हलगी ज्यांच्या पोटापाण्याचे साधन आहे, त्या कलावंतांचे कान रात्रीमागून रात्री या नादाच्या मध्यभागी असतात. याच परिसरातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची विशाल रेडिओ दुर्बीण आहे. मानवनिर्मित रेडिओ लहरींचा गोंगाट येथे तुलनेने कमी, म्हणून ही जागा निवडली गेली. आकाशातील क्षीण संकेत ऐकायचे तर आसपासचा गोंगाट आवरला पाहिजे, हे तत्त्व तेथे मान्य झाले. माणसाच्या कानासाठी तेच तत्त्व मान्य करण्यास मात्र आपण तयार नसतो.

कापसाच्या बोळ्याचा मोह

येथवरचा युक्तिवाद वाचून कोणी म्हणेल की उपाय सरळ आहे. कर्णनाद जडलेल्या माणसाने कान झाकून घ्यावेत आणि आवाजापासून दूर राहावे. असे अनेक जण करतातही. प्रथम मिरवणुकीत कानात बोळे घातले जातात, मग बाजारात, मग एस. टी.च्या प्रवासात, आणि शेवटी घरातल्या घरात भांड्यांचा आवाज नको म्हणूनही. खरी अडचण येथेच सुरू होते, कारण अतिरेकी संरक्षण हेही या आजाराला पोषक ठरते.

याचे कारण मेंदूच्या कार्यपद्धतीत आहे. कानाकडून येणारे संदेश कमी झाले की मेंदू आपली ग्रहणशक्ती वाढवतो. रेडिओवर केंद्र नीट लागत नसले की आपण आवाजाचे बटण पिळतो आणि खरखरही वाढते, तसाच हा प्रकार. हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी १९५३ साली उत्तम श्रवणशक्ती असलेल्या ८० व्यक्तींना ध्वनिरोधक खोलीत बसवले, तेव्हा त्यांपैकी ९४ टक्के लोकांना कसले ना कसले आवाज ऐकू आले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १८ निरोगी व्यक्तींनी सात दिवस एका कानात सतत बूच घातले. त्यांपैकी १४ जणांना नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, आणि बूच काढल्यावर ते थांबले. त्याआधी, २००३ मध्ये, असेही दिसून आले होते की दोन आठवडे कान बंद ठेवणाऱ्यांना साधे आवाजही अधिक मोठे वाटू लागतात. उलट तेवढाच काळ मंद आवाजाच्या सहवासात राहणाऱ्यांची सहनशक्ती वाढते.

तात्पर्य, निःशब्द खोली हे कर्णनादाचे औषध नव्हे. शांतता जितकी गाढ, तितका आतला सूर ठळक. म्हणूनच मंद आणि निरुपद्रवी ध्वनींचा सहवास हा आजच्या उपचारांचा एक भाग मानला जातो. पंख्याची घरघर, हलक्या आवाजातील रेडिओ, पाटाचे वाहते पाणी, उघड्या खिडकीतून येणारी पाखरांची किलबिल हे सारे त्यात आले. आतला सूर पूर्ण बुडावा अशी अपेक्षा नसते. इतर आवाजांत तो मिसळून जावा आणि मेंदूला त्याची सवय व्हावी, एवढाच हेतू असतो. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राचाही उपयोग होतो. मनातील भीती आणि निराशा कमी करणाऱ्या बोधात्मक वर्तनोपचाराने आवाज जात नाही, पण त्याचा जाच कमी होतो, असा पुरावा आहे. रामबाण औषध मात्र आजही उपलब्ध नाही, आणि तसा दावा करणाऱ्या जाहिरातींपासून सावध राहिलेले बरे.

मग कान झाकावेत केव्हा? हातभर अंतरावरील माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर तेथील गोंगाट कानाला घातक आहे असे समजावे आणि बुचे वापरावीत. ढोल, फटाके, गिरणी, धान्याचे मळणीयंत्र या ठिकाणी ती अवश्य हवीत. साध्या कापसाने फारसे संरक्षण मिळत नाही. त्यासाठी फोमची किंवा तत्सम बुचेच लागतात. वादकांसाठी सर्व सूर सारख्या प्रमाणात कमी करणारी बुचेही मिळतात. उलटपक्षी वर्ग, कचेरी, स्वयंपाकघर किंवा सामान्य रस्ता येथे कान मोकळे असावेत. कर्णनाद एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर ऐकू येत असेल किंवा अचानक ऐकू येणे कमी झाले असेल, तर मात्र घरगुती उपायांत दिवस न दवडता तज्ज्ञाला गाठले पाहिजे.

खर्च कोणाच्या माथी?

व्यक्तीने पाळावयाचा समतोल हा असा आहे. पण तो पाळणे एकट्या व्यक्तीच्या हातात आहे काय? केव्हा कोठून ध्वनिक्षेपकांची भिंत समोर येईल याचा नेम नसेल, तर कर्णनादाने पछाडलेला शिक्षक किंवा कारकून कानातली बुचे काढायला धजावणार नाही. गोंगाटाची तीव्रता जितकी घातक, तितकीच त्याची अनिश्चितताही. ती रुग्णाला घरात कोंडते आणि ज्या मंद ध्वनींच्या सहवासाने त्याला बरे वाटले असते, त्यांनाही पारखे करते. म्हणजेच सार्वजनिक शिस्त हा खाजगी उपचाराचाच एक घटक आहे.

अर्थशास्त्राला हा प्रश्न अपरिचित नाही. एकाच्या व्यवहाराचा भुर्दंड त्या व्यवहाराशी संबंध नसलेल्या दुसऱ्यावर पडतो, याची मांडणी पिगू यांनी १९२० मध्येच केली होती. रोनाल्ड कोस यांनी १९६० च्या आपल्या गाजलेल्या निबंधात जे जुने खटले तपासले, त्यांतील एक नेमका आवाजाचाच होता. लंडनमधील एका मिठाईवाल्याच्या खलबत्त्यांचा आवाज शेजारच्या डॉक्टरच्या तपासणीच्या खोलीत येत असे, आणि १८७९ साली न्यायालयाने डॉक्टरच्या बाजूने निकाल दिला. वाटाघाटीला काही खर्च पडत नसेल तर दोघे शेजारी आपसांत तोडगा काढू शकतील, असे कोस यांचे म्हणणे. पण मिरवणुकीच्या वाटेवर राहणाऱ्या शेकडो घरांनी दहा मंडळांशी वाटाघाटी कशा कराव्यात? त्यातही तक्रार करणारा धर्मविरोधी ठरण्याची धास्ती असतेच. जेथे वाटाघाट अशक्य तेथे नियमाला पर्याय नाही.

नियम आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरण्यास बंदी केली. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली या बंधनांना बळकटी दिली. ध्वनिक्षेपक हा धर्माचरणाचा अत्यावश्यक भाग नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये स्पष्ट केले. दुसरीकडे, पुण्यातील ढोलताशा पथकांतील वादकांची संख्या तीसपर्यंत मर्यादित करणाऱ्या हरित लवादाच्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्थगिती दिली. न्यायसंस्थेलाही परंपरा आणि आरोग्य यांचा तोल सांभाळावा लागतो, हेच यावरून दिसते.

कायद्याच्या दृष्टीने कर्णनादाचा रुग्ण मात्र जवळजवळ अदृश्य आहे. गोंगाटामुळे येणारे बहिरेपण १९४८ च्या कारखाना कायद्यातील अधिसूचित रोगांच्या यादीत समाविष्ट झाले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही ठराविक प्रमाणात श्रवणहानी झालेल्यांची दखल आहे. पण त्या कायद्यातील २१ प्रकारांत कर्णनाद नाही. ज्याचे ऐकणे शाबूत आहे पण झोप उडाली आहे, त्याच्या दुःखाला प्रमाणपत्र मिळत नाही.

उत्सव राहावा, इजा टळावी

येथे उत्सवाला विरोध करण्याचा प्रश्नच नाही. ढोल आणि हलगी ही या मातीची वाद्ये आहेत. त्यांच्यावर बंदी घातली तर कलावंताच्या पोटावर पाय येईल, आणि परिसर अधिक निरोगी होईल याची खात्रीही नाही. मागणी माफक आहे. प्रत्येक ढोलपथकाने वादकांना बुचे पुरवावीत आणि लहान मुलांना पथकाच्या अगदी पुढ्यात उभे करू नये. मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ आधी जाहीर व्हावी, म्हणजे ज्याला टाळायचे आहे त्याला टाळता येईल. ध्वनिक्षेपकांच्या भिंतींना मात्र फाटा द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली करमणुकीच्या स्थळांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सुचवली आहे. आवाज मोजण्याचे साधन मंडळाच्या सामानात असणे आज फार खर्चाचे नाही. ग्रामीण रुग्णालयांत श्रवणतपासणीची सोय झाली, तर तमाशा कलावंत आणि गिरणी कामगार यांचे नुकसान वेळीच ध्यानात येईल.

२०२५ साली महाराष्ट्र शासनाने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. हा दर्जा जबाबदारीही सोबत घेऊन येतो. ज्या दैवताने विघ्नाला मर्यादा घालून दिली, त्याच्याच नावाने निघणाऱ्या मिरवणुकीने आपल्या आवाजाला मर्यादा घालून घेणे भक्तीला कमीपणा आणणारे नाही. कर्णनाद जडलेल्या माणसाला जन्मभर त्या सुरासोबतच राहावयाचे असते. त्याने कान कधी झाकावेत आणि कधी उघडे ठेवावेत हे त्याला शिकता येईल. पण उघडे ठेवलेले कान सुरक्षित राहतील एवढी हमी त्याला समाजाने दिली पाहिजे.