एक्सरेची खोली कुणाच्या अखत्यारीत?

'वर्ध्यात अणुभट्टी नाही, मग रेडिएशनचा इथे काय संबंध?' हा पहिला गैरसमज. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघे इथले रुग्णालय, हिंगणघाट-आर्वीतले एक्सरे सेंटर, दाताचे दवाखाने अशा सगळ्या ठिकाणी किरणांचा रोज वापर होतो. त्यावर नजर ठेवणारे अणुऊर्जा नियामक मंडळ मात्र मुंबईत, अणुशक्तीनगरला आहे.

म्हणूनच 'हे काम प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे का देत नाहीत, त्यांचे कार्यालय निदान नागपुरात तरी आहे' असे अनेकजण विचारतात. पुष्कळांना तर ते काम आधीपासूनच तिकडे आहे असे वाटते. तसे नाही. 1970 मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ पाणी, हवा आणि कचरा पाहते. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी किरणोत्सारी कचरा स्पष्टपणे आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. त्यामुळे एकाच रुग्णालयात पिवळ्या पिशवीतल्या कचऱ्याचा हिशेब प्रदूषण मंडळ मागते आणि एक्सरे, सीटी स्कॅन किंवा कॅन्सरच्या रेडिएशन यंत्राचा परवाना अणुऊर्जा नियामक मंडळ देते. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये असे किरण नसतातच. मोबाइल टॉवरच्या लहरींची मर्यादा दूरसंचार विभाग ठरवतो.

दोन संस्था एकत्र केल्या की रेडिएशनचे नियम पातळ होतात, ही भीतीही सरसकट खरी नाही. आयर्लंडने 1 ऑगस्ट 2014 रोजी आपली रेडिएशन संरक्षण संस्था पर्यावरण संस्थेत विलीन केली. परवाने आणि तपासणीचे काम नव्या छताखाली स्वतंत्र विभागाने चालू ठेवले, कायदा रद्द झाला नाही. पण त्या देशात अणुवीज केंद्र नाही. त्यांचा मोठा प्रश्न जमिनीतून घरात शिरणाऱ्या रेडॉन वायूचा आहे, आणि तो पर्यावरणाच्या कामाशी सहज जुळतो. आपले अणुऊर्जा नियामक मंडळ तारापूरच्या अणुभट्ट्यांपासून आर्वीच्या एक्सरेपर्यंत सगळे पाहते. आयर्लंडचा अनुभव जसाच्या तसा इथे उचलता येणार नाही.

'आपले मंडळ तरी पूर्ण स्वतंत्र आहे ना?' हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. 15 नोव्हेंबर 1983 रोजी ते सरकारी आदेशाने स्थापन झाले आणि अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी राहिले. त्या आयोगाचे अध्यक्ष अणुऊर्जा विभागाचे सचिवही असतात. म्हणजे अणुवीज केंद्रे उभारणारा आणि त्यांची तपासणी करणारा, दोघांच्याही वर एकच खुर्ची. स्वतंत्र नियामकासाठी 2011 मध्ये आणलेले विधेयक लोकसभेची मुदत संपल्याने बारगळले. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या 'शांती' कायद्यात मंडळाला वैधानिक दर्जा देण्याची तरतूद आहे. ते व्हायलाच हवे होते. मात्र तेवढ्याने हिंगणघाटपर्यंत तपासनीस पोहोचत नाही.

खरी उणीव पोहोचण्याची आहे. 2012 च्या महालेखापरीक्षकांच्या अहवालानुसार देशातल्या सुमारे 91 टक्के वैद्यकीय एक्सरे यंत्रांची मंडळाकडे नोंदच नव्हती. प्रत्येक राज्यात रेडिएशन सुरक्षा संचालनालय असावे असे ठरले होते, पण त्या वेळी ते केवळ केरळ आणि मिझोराममध्ये झाले होते. 'ई-लोरा' ही ऑनलाइन नोंदणी आल्यावर नोंदणी वाढली. तरी संगणकावर भरलेला अर्ज आणि प्रत्यक्ष खोलीत जाऊन केलेली पाहणी यांत फरक आहे. म्हणून माझ्या मते वर्ध्याला विलीनीकरणापेक्षा राज्याचे तज्ज्ञ संचालनालय हवे, त्याची माणसे विदर्भात बसणारी हवीत.

एक भीती मात्र दूर करायला हवी. एक्सरे यंत्र बंद केले की किरण थांबतात, खोलीत काही 'उरत' नाही. किरणोत्सारी कोबाल्टचे तसे नाही, त्याचा स्रोत बटण दाबून विझत नाही. 2010 मध्ये दिल्ली विद्यापीठाचे जुने कोबाल्टचे गॅमा यंत्र भंगारात गेले, दिल्लीतल्या मायापुरीत ते फोडले गेले आणि एका कामगाराचा जीव गेला. म्हणून असा वापरून झालेला स्रोत परवानगीशिवाय कुणाला देता येत नाही, भंगारवाल्याला तर नाहीच.

पुढच्या वेळी एक्सरेला गेलात तर दारावरचा लाल दिवा आणि किरणांची खूण पाहा. तंत्रज्ञाच्या छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत, छोटा टीएलडी बॅज असायला हवा. तो ठरावीक मुदतीने तपासणीला जातो, त्यावरून तंत्रज्ञाच्या अंगावर किती किरण पडले ते कळते. मंडळाचा परवाना दाखवा असे म्हणायला संकोच करू नका.