आईच्या पर्समधला पारा

ऑफिसमधून आपण घरी काय काय घेऊन येतो? लॅपटॉप, टेन्शन, बॉसवरचा राग... पण काही आईबाबा कामावरून नकळत चक्क विष घेऊन येतात. चपलांच्या तळव्याला लागून, शर्टाच्या बाहीला चिकटून, नाहीतर डबीत घालून, मुलांसाठी गंमत म्हणून!

माझ्या आईने आणलं होतं. ती नर्स. तेव्हा धारणी तालुक्यातल्या एका दवाखान्यात तिची ड्युटी असायची. साल असेल २००३-०४. थर्मामीटर फुटला की त्यातला पारा ती इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत भरून घरी आणायची. मी आणि माझा लहान भाऊ तो क्वार्टरच्या शहाबादी फरशीवर ओतून तासन् तास खेळायचो. बोट लावलं की एका थेंबाचे दहा, ढकलले की पुन्हा एक. मेळघाटात तेव्हा ना केबल, ना व्हिडिओ गेम. आमच्यासाठी तेच एंटरटेनमेंट. बरेचसे थेंब फरशीच्या सांध्यात गडप व्हायचे. तिथेच आम्ही रात्री गाद्या घालून झोपायचो.

सुदैवाने आम्हाला काही झालं नाही. परवा आईला फोनवर हे सगळं सांगितलं, तर क्षणभर गप्पच झाली. मग म्हणाली, "अवं, मले का माहीत होतं? आम्हाले कोनी सांगतलंच नाही!"

खरंच आहे. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

गिळण्यापेक्षा श्वास धोक्याचा

थर्मामीटरमधला पारा चुकून गिळला, तर तो शरीरात फारसा शोषला जात नाही, बहुतेक तसाच बाहेर पडतो. खरा धोका वाफेचा. पारा साध्या खोलीच्या तापमानालाही हळूहळू उडत राहतो. या वाफेला ना रंग, ना वास. श्वासातून आत गेलेल्या वाफेतला सुमारे ८० टक्के पारा रक्तात उतरतो आणि तिथून मेंदू, किडनीपर्यंत पोहोचतो.

यात सगळ्यात जास्त फटका रांगणाऱ्या पिल्लांना. एक तर ती जमिनीच्या जवळ असतात. दुसरं म्हणजे वजनाच्या मानाने ती मोठ्यांपेक्षा जास्त श्वास घेतात. आणि त्यांच्या मेंदूची घडण अजून चालू असते. एका थर्मामीटरमध्ये साधारण अर्धा ते एक ग्रॅमच पारा असतो, पण बंद खोलीत, सांध्यात अडकून राहिला तर तेवढाही त्रास देऊ शकतो. जुन्या पद्धतीच्या बीपी मशीनमध्ये तर याच्या कित्येक पट पारा!

बाबा कामाला, मुलं आजारी

आईने आणला तो हौसेने. पण जे रोज पाऱ्यात काम करतात, त्यांचं काय? अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यात थर्मामीटर बनवणाऱ्या कामगारांच्या मुलांची तपासणी झाली. १९८७ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या जर्नलमध्ये ती छापून आली. या मुलांच्या लघवीतलं पाऱ्याचं प्रमाण इतर मुलांच्या तुलनेत सुमारे पाचपट निघालं. मुलांना फॅक्टरीत जायची गरजच नव्हती. फॅक्टरीच कपड्याबुटांवर बसून घरी आली होती.

आपल्याकडचं उदाहरण कोडाईकनालचं. हनिमूनवाल्यांचं लाडकं हिल स्टेशन! १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या वॉटरटाउनचा थर्मामीटरचा कारखाना तिथे हलवण्यात आला. पुढे तो हिंदुस्तान लीव्हरकडे आला. २००१ मध्ये पारा लागलेल्या काचेचा ढीग गावातल्या भंगारवाल्याकडे सापडला आणि कारखाना बंद पडला. आपल्याला आणि मुलांना आजार जडल्याचं कामगार वर्षानुवर्षं सांगत राहिले, कंपनी ते नाकारत राहिली. अखेर २०१६ मध्ये ५९१ माजी कामगारांशी तडजोड झाली. मधे तब्बल १५ वर्षं गेली!

डॉक्टर, एक प्रश्न विचारा ना!

पाऱ्याची बाधा झालेलं मूल चिडचिडं होतं, झोपत नाही, हात थरथरतात. कधी तळहात-तळपाय गुलाबी होऊन दुखतात, खूप घाम येतो, बीपी वाढतं. यातलं प्रत्येक लक्षण दुसऱ्या कुठल्या तरी आजारात खपून जातं. म्हणून एक साधा प्रश्न फार मोलाचा ठरतो : आई-बाबा काय काम करतात? उत्तरातून संशय आला की लघवीच्या आणि रक्ताच्या तपासणीने कळू शकतं.

पाऱ्यावर नियंत्रण आणणारा मिनामाता करार २०१७ मध्ये लागू झाला, भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. पाऱ्याचे थर्मामीटर आणि बीपी मशीन हद्दपार करणं हा त्याचाच भाग. आता आईच्या पर्समध्येही डिजिटल थर्मामीटर असतो.

मग आपला काय संबंध? जरा ऑफिसच्या छताकडे बघा. जुन्या ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्येही थोडा पारा असतो. त्या गेल्या की कोण काढतं? हाउसकीपिंगचे दादा. मग त्या जातात भंगारात, आणि तिथे फोडणाऱ्याच्या घरीही एखादं रांगणारं पोर असतंच. अॅडमिनला एकदा विचारा, की गेलेल्या ट्यूब ई-वेस्टवाल्या अधिकृत संस्थेकडे जातात का. एका मेलचं तर काम आहे!

घरात थर्मामीटर फुटला तर...

- मुलांना आणि पाळीव प्राण्यांना आधी खोलीबाहेर काढा. खिडक्या उघडा, पंखा-एसी बंद करा.
- झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर अजिबात नको. पारा आणखी पसरतो.
- हातमोजे घालून दोन कडक कागदांनी थेंब गोळा करा, बारीक थेंब चिकटपट्टीने उचला.
- सगळं झाकणाच्या बरणीत घट्ट बंद करा. बेसिनमध्ये किंवा ओल्या कचऱ्यात टाकू नका.
- पारा लागलेले कपडे वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका.
- कामावर पाऱ्याशी संबंध येत असेल, तर कपडे-चपला तिथेच बदला. अंघोळ करा आणि मगच मुलाला उचलून घ्या.

आईने फोन ठेवताना विचारलं, "मंग त्या क्वार्टरात आता कोन राहते वं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या वेळी धारणीला गेले, की आधी तिथेच जाणार आहे.